राजकन्येचा दिंडी दरवाजा : एका वाढदिवसाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काम : नातीचा तिसरा वाढदिवस. तारीख १६ फेब्रुवारी, यंदा रविवारीच येते, त्यामुळे ‘अलीकडे करू की पलीकडे’ हा वाद मिटला. तिथीने माघी पौर्णिमा, म्हणजे १२ फेब्रुवारी, बुधवार. तिथीचं औक्षण घरच्या घरी, पार्टी रविवारी. थीम प्रिन्सेस. सूनबाईंनी जाहीर केलं, चिरंजीवांनी मान डोलावली, उत्सवमूर्तीने टाळ्या पिटल्या.

माझ्या वाट्याला आलेलं : “बाबा, तुम्ही मागे लावायला एक महाल कराल का? पुठ्ठ्याचा?”

उभी हयात पिंपरीच्या टूलरूममध्ये गेली. ड्रॉइंगशिवाय जॉबला हात लावायचा नाही ही सवय हाडात आहे. म्हणून ही वही.

चिरंजीवांनी एका सजावटवाल्याकडून आकडा मागवला होता. फुग्यांची कमान, आठ फुटी पडदा, दिव्यांची अक्षरं, सिंहासन, सगळं मिळून अठरा हजार. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, १७३२ मध्ये वाडा उभा राहिला आणि खर्च आला १६,११० रुपये. हे त्याला सांगितलं. “बाबा, तेव्हाचे रुपये ते,” म्हणाला. पण कोटेशन पुन्हा टेबलावर आलं नाही.

७ जानेवारी

मापं घेतली. उत्सवमूर्ती भिंतीला पाठ लावून उभ्या राहायला तयार नव्हत्या. आधी माझं माप त्यांनी घेतलं, मग त्यांनी दिलं.

उंची ९४ सेमी. डोळा जमिनीपासून ८४. हात पूर्ण वर केल्यावर बोटाचं टोक ११२. डोक्याचा घेर ४९. वजन साडेतेरा किलो.

सूनबाईंनी फोनवर नमुन्याचे पंचवीस-तीस फोटो दाखवले. फुग्यांची कमान सात फुटांवर, नाव साडेपाच फुटांवर, झुंबर त्याच्याही वर. सगळी सजावट उभ्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर. जिचा वाढदिवस तिच्या डोळ्यासमोर काय येतं? टेबलक्लॉथची कड आणि पाहुण्यांचे गुडघे. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक माप कुठल्यातरी एका पायापासून धरावं लागतं, त्याला डेटम म्हणतात. या कामाचा डेटम फरशी, आणि कामाची हद्द शून्य ते ११२ सेंटिमीटर. त्याच्या वर जे लावायचं असेल ते हौसेचं, माझ्या कामात धरायचं नाही.

यातून एक अडचण आपोआप निघते. जे तिला दिसेल ते तिच्या हाताला लागेल, जे हाताला लागेल ते ओढलं जाईल, आणि ओढून सुटलं तर तोंडात जाईल. म्हणजे सजावट दिसायला हवी तर ती ओढण्याजोगी आणि चाखण्याजोगीसुद्धा हवी. पुढच्या सगळ्या निवडी याच चाळणीतून जातील.

८ जानेवारी

महाल कसला करायचा? सूनबाईंच्या मनात निळ्या सुळक्यांचा, परदेशी धर्तीचा. मी आधी बाईसाहेब घरात ‘प्रिन्सेस’ खेळताना नेमकं काय करतात ते बघत बसलो. आजीची ओढणी कमरेला बांधतात, दोन गिरक्या घेतात, इथवर अपेक्षित. त्यानंतर बेडरूमच्या दारामागे जातात, दार लोटतात, आतून ठोकतात. आपण “कोण आहे?” विचारायचं. “मी प्रिन्सेस.” दार उघडायचं. पुन्हा आत, पुन्हा ठकठक. हे थकेपर्यंत चालतं, म्हणजे आपण थकेपर्यंत.

सुळके, झुंबर, सिंहासन यांतलं काहीही तिच्या खेळात नाही. दार आहे.

मग महाल कशाला? दरवाजा करू. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या महाद्वाराला एका फळीत छोटं दार असतं, दिंडी म्हणतात त्याला. मोठा दरवाजा बंद असला तरी एकेक माणूस वाकून त्यातून आत जातो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही आहे. आपला मोठा दरवाजा सहा फुटी, म्हणजे फोटोवाल्यांची सोय झाली. त्यात दिंडी उत्सवमूर्तीच्या मापाची : उंची १०५, रुंदी ५०. ती ताठ मानेने जाईल. बाकीच्यांनी वाकावं.

सूनबाईंना कागदावर काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पण बाबा, रंग गुलाबीच हं.” मंजूर.

११ जानेवारी

सामान. कर्वे रोडच्या एका दुकानातून दोन दारी फ्रिजचे दोन खोके मिळाले, पाच थरी, कोरडे. आणल्याआणल्या पहिलं काम खोक्याच्या जाड पिना पकडीने उपसणं. एक जरी राहिली तरी ती कुणाच्या तरी पायात जाणार.

पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी नळ्या असतात. भिंत उभी करायची तर नळ्या उभ्या ठेवायच्या, आडव्या ठेवल्या तर आठवड्यात भिंत पोक काढते. घडी घालायच्या रेषेवर कटर चालवायचा नाही, बोथट सुरीची पाठ दाबून खाच पाडायची.

रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. पतंगी कागद संक्रांतीमुळे सगळीकडे लटकलेला, गुलाबी आणि पांढरा घेतला. क्रेप कागद घेतला नाही : ओल्या हाताला रंग सोडतो आणि या वयात हात ओलेच असतात. चमकीही नको, डोळ्यात जाते.

दुकानदाराने थर्माकोलमध्ये नाव कापून द्यायची तयारी दाखवली, “दोन फुटी अक्षरं, मागच्या गोडाऊनला आहेत.” राज्याने २०१८ च्या मार्चमध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली, तिच्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आहेत, प्लॅस्टिकचे झेंडेसुद्धा आहेत. तरी ते मागच्या गोडाऊनला असतंच. मला तर कायद्याच्याही आधी ते दाणे दिसतात. थर्माकोलचं अक्षर तीन वर्षांच्या पोराच्या हाती द्या आणि पाच मिनिटांनी जमिनीकडे बघा.

१४ जानेवारी, संक्रांत

काम बंद. तिळगूळ.

१९ जानेवारी, रविवार

बोरन्हाण. प्रकल्पाशी संबंध नाही असं वाटलं होतं, पण आजचा दिवस पार्टीची रंगीत तालीम ठरला.

ही दरवर्षीप्रमाणे तुळशीबागेतून हलव्याचे दागिने घेऊन आली : हार, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी आणि मुकुट. काळा फ्रॉक. मराठी घरात पोरीला मुकुट घालून पाटावर बसवायची चाल आधीपासून आहेच, थीमचं नाव तेवढं नवीन.

मुकुट डोक्यावर टिकला तो फोटो निघेपर्यंतही नाही. हलव्याला काटा असतो, तोच तर त्याचा मान, पण पुठ्ठ्याच्या कडेतून तो कपाळाला टोचत होता आणि मागची लेस कानामागे काचत होती. बाईसाहेबांनी मुकुट काढला, त्यातला एक दाणा उपटून खाल्ला आणि उरलेला मुकुट आजीला घातला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, ११० ग्रॅम. पार्टीच्या मुकुटासाठी मर्यादा लिहून ठेवतो : वजन २५ ग्रॅमच्या आत, टोक कुठेही नाही, कपाळाला लागणारी बाजू मऊ, बांधायचं काही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. बोरन्हाणात जे डोक्यावर ओततात ते खाली पडतं आणि सगळी पोरं ते वेचून तोंडात टाकतात. बोरं बियांची, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या. सूनबाईंनी आधीच आजीजवळ विषय काढला होता. ही म्हणाली, “आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?” पुढे अर्ध्या तासाने स्वतःच शेंगा आणि कडक गोळ्या बाजूला काढल्या. तोडगा असा निघाला : बोरं मोठी, अहमदाबादी, जी सबंध तोंडात जातच नाहीत. हरभरा सोललेला नाही, घाटे. बाकी चुरमुरे भरपूर. ओतून झालं की बोरं मोठ्यांनी लगेच उचलायची. सोहळ्याला काही उणं पडलं नाही. शेजारची दीड वर्षांची पोर चुरमुऱ्यांत बसून राहिली होती, तिला न्यायला आई आली तर उठेना.

२२ जानेवारी

मुकुट. गुलाबी फेल्टचे दोन थर, मध्ये पातळ स्पंज, मागे दोन इंच रुंद इलॅस्टिक कापडाच्या नळीत. हिने पहिला नमुना शिवला. वजन १८ ग्रॅम. डोक्यावर घालून बाईसाहेब जेवल्या, तोच मुकुट घालून झोपल्या. पास.

किती करायचे? चिरंजीव म्हणाले एक, कारण वाढदिवस एकीचा. येणारी पोरं नऊ. एक मुकुट आणि नऊ डोकी हे गणित ज्याने एकदा पाहिलंय तो एक करणार नाही. दहा करायचे. मुलांनाही मुकुटच. थोरल्या नातवाने, लेकीच्या मुलाने, निळा मागितला आहे, तो निळा.

मणी, टिकल्या, आरसे चिकटवायचे नाहीत. सव्वा इंचाहून लहान काहीही सुटं होऊ शकत असेल तर ते तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात बसू शकतं, खेळण्यांची मापं त्यावरूनच ठरवतात. हिने रेशमी धाग्याने फुलं भरायला घेतली आहेत.

२४ जानेवारी

पेपरात जीबीएसची बातमी पहिल्या पानावर. गुलेन बॅरे सिंड्रोम. सिंहगड रस्त्याची बाजू, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव. आमची लेक धायरीला.

२८ जानेवारी

रुग्णांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. डॉक्टर शेजाऱ्यांकडून समजून घेतलं ते असं. पोट बिघडवणारा जंतू, बहुतेक वेळा कॅम्पिलोबॅक्टर, पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या अन्नातून जातो. पोट बरं होतं, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज काही जणांत स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. पायांतली ताकद आधी जाते. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पाणी आणि अन्न सांभाळायचं.

संध्याकाळी लेकीचा फोन. “आई, आम्ही यावं का? तिथे कुणाला अवघड वाटायला नको.” ही म्हणाली, “वेडी की काय. पाणी आपल्या घरचं उकळलेलं. तू दोन्ही पोरांना घेऊन सकाळीच ये.” फोन ठेवल्यावर ही बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच.

पार्टीच्या खाण्याची यादी आज नव्याने झाली. पाणीपुरीचा ठेला बोलवायचा होता, रद्द. बर्फ नाही, बाहेरचं पनीर नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत, मेयोनीज नाही. जे आहे ते घरी शिजवलेलं आणि गरम : पोरांना बिनतिखटाच्या छोट्या इडल्या आणि तूप, मोठ्यांना मसालेभात, कोथिंबीर वडी, बटाटेवडे. सूनबाईंना ‘प्रिन्सेसच्या मेनूत बटाटेवडा?’ हा प्रश्न पडला होता. आता पडत नाही. कढईतून निघालेला वडा या महिन्यात पुण्यातला सगळ्यांत भरवशाचा पदार्थ आहे.

पाणी : आदल्या रात्री खळाखळा उकळून, झाकून, दोन स्टीलच्या पिंपांत. तोटी असलेली पिंपं. कुणी आत पेला बुडवायचा नाही.

१ फेब्रुवारी

फ्रॉक. घेरदार जाळीचा, कारण गिरकीत तो फुलला पाहिजे, त्यावर तडजोड नाही. ट्रायलला बाईसाहेबांनी अंगावर घातला आणि मांड्या खाजवत काढून फेकला. हिने आतून मलमलचं अस्तर लावलं, शिवण सगळी बाहेरच्या बाजूला. लांबी घोट्याच्या वर चार बोटं, नाहीतर दिंडीचा उंबरा ओलांडताना तोंडावर पडेल. (उंबरा म्हणजे नुसती रंगवलेली पट्टी करायची असं नंतर ठरलं. तरी लांबी तीच.) पाठीवरच्या झग्याला गळ्याशी नाडी नाही, वेल्क्रो. कुठे अडकला तर सुटून येईल.

जाळी नायलॉनची आहे. ठिणगी पडली तर ती जळण्याआधी वितळते आणि अंगाला चिकटते. आपल्याकडे वाढदिवस म्हणजे निरांजन आलंच. हिच्याशी बोललो. तिचं म्हणणं सरळ : औक्षण तिथीला होणार आहेच, सुती खणाच्या परकर-पोलक्यात. रविवारी जाळीच्या फ्रॉकसमोर निरांजनही नाही आणि फुंकायची मेणबत्तीही नाही. चिरंजीव म्हणाले, “मेणबत्तीशिवाय केक?” ही म्हणाली, “केक कापायला सुरी लागते रे.”

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हिच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना हॉलमध्ये उभ्या केलेल्या बुरुजाला वळसा घालून बसावं लागलं. एकीने विचारलं, “अहो, हे काय, किल्ला दिवाळीला करतात ना?” त्या बुरुजामागे त्यांच्या चपला सुरक्षित राहिल्या हे मात्र कुणी बोललं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बांधणीची सविस्तर नोंद, कारण असा दरवाजा पुन्हा कुणी करेल तर उपयोगी पडेल.

दोन बुरूज, प्रत्येक अष्टकोनी, एका अखंड पुठ्ठ्याला सात घड्या घालून. बुरुजांमध्ये सहा फुटी दरवाजाची फळी, वर कमान कापलेली. पुठ्ठ्याला पुठ्ठा फेविकॉलने, कागद चिकटवायला मैद्याची खळ. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ती इथे अजिबात नाही, मोरचूद विषारी आणि ही भिंत चाटली जाणार हे गृहीत धरलेलं. खळ रोज ताजी करायची आणि झुरळांकडे आठवडाभर लक्ष ठेवायचं.

पोस्टर कलरमध्ये चौथा हिस्सा फेविकॉल मिसळला की वाळल्यावर रंग हाताला लागत नाही. गुलाबी रंगावर पांढऱ्या रेषेने दगडांचे सांधे.

दिंडीची बिजागरी कापडी. जुन्या चादरीची सहा इंची पट्टी दाराच्या पूर्ण उंचीभर, दोन्ही बाजूंनी चिकटवली. लोखंडी बिजागरीच्या फटीत बोट चेंगरतं, इथे फटच राहत नाही. दाराखाली तीन सेंटिमीटर मोकळे. कडी म्हणून सुती दोरीचा कोयंडा, अडसर नाही : आतून कुणी बंद करून घेऊ नये.

मग कलंडण्याचा हिशेब. बुरुजाचा तळ ६० सेमी, वाळूच्या पिशव्या टाकून वजन २० किलो. पोरगं हात वर करून ११० सेमीवर ओढणार. वीस गुणिले तीस (तळाचा निम्मा) भागिले एकशे दहा : साडेपाच किलोच्या ओढीला बुरूज कलंडतो. दोन पोरं मिळून साडेपाच किलो हसत ओढतील. वजन दुप्पट केलं तरी समाधान नाही. म्हणून जागा बदलली. सोसायटीच्या पार्किंगमधून बागेत जायला जिथे दोन खांब आहेत, दरवाजा त्या खांबांच्या मध्ये आणि प्रत्येक बुरूज खांबाला तीन ठिकाणी सुती नाड्याने बांधायचा. अलीकडे पार्किंग, पलीकडे हिरवळ. दिंडीतून गेलं की खरोखरच दुसरीकडे पोचतं, हा फायदा हिशेबाच्या पोटातून निघाला.

मोठ्यांना डावीकडून मीटरभर मोकळी वाट ठेवली आहे. एखाद्या पोराला उचलून पळायची वेळ आली तर दिंडी आड येता कामा नये.

९ फेब्रुवारी

फुगे हवेत की नको यावर घरात खडाजंगी. सूनबाई : फुग्यांशिवाय वाढदिवस दिसतच नाही. मी : फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशात गेला तर तो श्वासनलिकेच्या आकाराचा होऊन बसतो आणि पाठीवर मारून सुटत नाही. धोका तीन वर्षांपर्यंतच नाही, चांगला सात-आठ वर्षांपर्यंत आहे. उंच लावावेत तर माझ्या हद्दीबाहेर, आणि पोरं खाली उतरवायला लावणारच. शेवटी साबणाचे फुगे. ते हिरवळीवर सोडायचे, पार्किंगच्या फरशीवर नाहीत, नाहीतर फरशीची घसरगुंडी होईल.

दिव्यांच्या माळा कमानीच्या माथ्यावर, अडॅप्टरवर चालणाऱ्या. बटण सेलच्या लहान माळा आणल्या होत्या त्या परत दिल्या. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजू शकतो.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

तिथीचा वाढदिवस. खणाचं परकर-पोलकं, पाट, रांगोळी. सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन. बाईसाहेबांनी ताटातल्या अक्षता उचलून आजीच्या डोक्यावर टाकल्या आणि “आता तुझा बड्डे” म्हणाल्या. रव्याचे लाडू. दहा मिनिटांत सोहळा आटपला आणि माझ्या मते खरा वाढदिवस इथेच झाला, पण हे मत वहीपुरतं.

१४ फेब्रुवारी

मार्केट यार्डात फुलं. गुलाबाला आज हात लावायची सोय नाही. व्हॅलेंटाइन डेच्या आठवड्यात मावळातल्या गुलाबालाही पुणेकर परका होतो. झेंडू आणि पांढरी शेवंती घेतली, गुलाबी भर पतंगी कागदाच्या फुलांनी. तोरण दिंडीच्या कमानीवर, म्हणजे बरोब्बर तिच्या डोळ्यांवर वीस सेंटिमीटर. तारेत नाही, सुतात ओवलेलं.

१५ फेब्रुवारी

केक सूनबाईंनी घरी केला, बिनअंड्याचा. बाहेरच्या ‘डॉल केक’मध्ये बाहुली कमरेपर्यंत रोवलेली असते आणि आत बांबूच्या काड्या, तो प्रकार आधीच बाद. गुलाबी रंगासाठी बीट. भट्टीत बिटाचा रंग तपकिरी होतो, म्हणून तो फक्त वरच्या क्रीममध्ये, चमचाभर रस. रंग इतका छान उतरला की चिरंजीवांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

द्राक्षांचा हंगाम आहे, सांगलीकडची आली आहेत. उद्या ऐनवेळी धुऊन उभी चार तुकड्यांत कापायची. सबंध द्राक्ष पोराच्या घशाच्या मापाचं असतं. हे काम माझ्याकडे, कारण मापाचं आहे.

पाणी उकळून पिंपं भरली. रात्री पार्किंगमध्ये दरवाजा उभा केला, नाडे बांधले. वॉचमनने दिंडीतून वाकून जाऊन पाहिलं, परत वाकून आला.

१६ फेब्रुवारी, रविवार

वेळ पाच ते पावणेसात, कारण दुपारची झोप तीनपर्यंत आणि साडेसहानंतर सूर्य मावळला की हिरवळीवर डास. निमंत्रणात संपायची वेळ स्पष्ट लिहिली होती. पुण्यात ती लिहिली तर कुणाला राग येत नाही.

लेक धायरीहून सकाळीच आली. थोरल्याने निळा मुकुट घालून वडे तळायच्या कढईपासून पोरांना लांब ठेवायची जबाबदारी स्वतःहून घेतली. तो सात वर्षांचा, त्याला काम दिलं की तो राजा.

पाचला उत्सवमूर्ती खाली आल्या. फ्रॉक, मुकुट, सगळं जागेवर. दरवाजा पाहिला. वरची कमान, बुरूज, माथ्यावरची माळ याकडे नजरही गेली नाही. थेट दिंडीपाशी. दोरी ओढली, दार उघडलं, आत गेल्या, दार लोटलं आणि आतून ठोकलं.

“कोण आहे?” मी विचारलं.

“मी.”

मग आम्हाला वाटलं आता दार उघडून मिरवत बाहेर येतील, सूनबाई फोन धरून तयार. दार किलकिलं झालं, मुकुट दिसला, आणि हुकूम आला : “तू कोण?” पुढचा पाऊण तास राजकन्या दिंडीची देवडीवाली होती. एकेका पाहुण्याला थांबवून तू कोण विचारायचं, नाव ऐकलं की दार उघडायचं. मोठ्यांसाठी डावीकडे ठेवलेली मोकळी वाट कुणी वापरली नाही. सोसायटीचे चेअरमन, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या हिच्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळे वाकून आत. त्या मैत्रिणींसाठी मी वाटेकडे हात केला तर म्हणाल्या, “अहो, तिने नाव विचारलंय मला.”

केकपाशी यायला बाईसाहेब तयार नव्हत्या. शेवटी केकच दिंडीपाशी आला, स्टुलावर ठेवून. सुरी तिच्या हातात, आईचा हात त्यावर.

ओढाओढीची कसोटी आपोआप झाली. दोन जुळी पोरं उजव्या बुरुजाच्या कठड्याला लोंबकळली. खांबाचा वरचा नाडा ताणला, बुरूज हलला नाही. कठड्याचा एक दात हातात आला, तो त्यांनी चावून पाहिला आणि टाकून दिला. तोरण साडेपाचला अर्धं उतरलं होतं, झेंडूच्या पाकळ्यांचं पुढे जेवण झालं, बाहुल्यांचं.

मुकुटांपैकी शेवटपर्यंत डोक्यावर राहिले बहुतेक सगळे. एकाला नको होता, त्याच्या वडिलांनी घातला.

खाण्यात वडे आधी संपले. इडल्या उरल्या, पोरांना वडेच हवे होते. साबणाच्या फुग्यांनी शेवटची वीस मिनिटं ओढून नेली. पावणेसातला पोरांना नेताना रडारड झाली ती बागेची नव्हती, दार सोडायची होती.

१७ फेब्रुवारी

खर्च : पुठ्ठा, रंग, कागद, गोंद, नाडा मिळून अकराशे. फेल्ट, जाळी, अस्तर सव्वादोन हजार. फुलं चारशे. खाणं, केक साडेचार हजार. म्हणजे शनिवारवाड्याच्या बरंच आत राहिलो. चिरंजीवांना पुन्हा ऐकवलं, त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं.

सूनबाई फोटो चाळत होत्या. सहा फुटी कमान जेमतेम दोन-तीन फोटोंत पूर्ण आली आहे. बाकी सगळे कुणीतरी गुडघ्यावर बसून काढलेले.

दरवाजा भंगारात द्यायचा म्हणून नाडे सोडायला खाली गेलो तर बी विंगची पोरं वाट अडवून. परवा शिवजयंती, त्यांना पालखी न्यायला दरवाजा पाहिजे. गुलाबी चालणार नाही म्हणाले. घरात गेरू आहे, तो देतो म्हटलं. दरवाजाच्या मालकीणबाईंना विचारलं. त्यांची अट : दार मीच उघडणार. पोरांनी आपसांत कुजबूज करून मान्य केलं, भगव्या फेट्याची सोय तीच करतील.

आज रात्री : दिंडीच्या बिजागरीचं कापड खालच्या टोकाला चार बोटं सुटलंय, ते चिकटवून वजन ठेवणे. उद्या दुपारी गेरूचा पहिला हात. वाळूच्या पिशव्या हलवायला थोरल्यांपैकी चौघं लागतील, लहानांना हात लावू द्यायचा नाही.